सुरुवात शाळेच्या एका बिलापासून: नैतिक व्यापाराचा विद्यार्थी-प्रकल्प, टप्प्याटप्प्याने

नैतिक व्यापारावरचे शालेय प्रकल्प बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होतात. आधी पोस्टरं रंगतात, मग शपथ होते, एखादा स्टॉल लागतो, पाहुण्यांचं भाषण होतं. पुढच्या वर्षी शाळा त्याच पुरवठादाराकडे, त्याच घाईत, तोच माल मागवते. महिनाभर राबलेल्या मुलांना कुणी विचारलं की शेतातल्या कापसाचा गणवेशाचा शर्ट होईपर्यंत तो किती हातांतून जातो, तर उत्तर येत नाही. त्या हातांची कामं आपल्याला करिअर म्हणून निवडता येतील का, हा प्रश्न तर कुणाला सुचतही नाही.

हा लेख साधारण पंधरा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शक शिक्षकांसाठी आहे. आठवड्याला दोन-तीन तास दिले तर एका सत्रात, म्हणजे दहा-बारा आठवड्यांत, हे काम होतं. वस्तूचा माग काढायचा, त्या वाटेवरच्या माणसांना भेटून व्यवसाय समजून घ्यायचे आणि शाळेच्या खरेदीत एक तरी बदल घडवून आणायचा. ही तीन कामं तीन गटांना वाटून देऊ नका. वाटली की माग काढणाऱ्यांना माणसं भेटत नाहीत आणि सभेत बोलणाऱ्यांना तपशील माहीत नसतो.

## आधीची तयारी

गट पाच ते सात जणांचा ठेवा. दहाच्या वर गेला की तिघं काम करतात आणि बाकीचे फोटोपुरते येतात. पहिल्याच दिवशी गटप्रमुख निवडायची घाई नको. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे. मात्र तीन जबाबदाऱ्या लगेच ठरवा: नोंदवही कोण ठेवणार, बाहेरचा पत्रव्यवहार कोण करणार आणि तारखांवर लक्ष कोण ठेवणार.

नोंदवही एकच असावी, मग ती कागदी असो की संगणकावरची. प्रत्येक नोंदीला तारीख, माहिती कुणाकडून मिळाली ते, आणि ती नोंद करणाऱ्याचं नाव हवंच. शेवटच्या सभेत "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" असं कुणीतरी विचारणार आहे.

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी सुरुवातीलाच घ्या. परवानगीच्या अर्जात "शाळेच्या खरेदीची चौकशी" असं लिहिलंत, तर कार्यालयातली माणसं सावध होतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. "शाळा वापरत असलेल्या एका वस्तूच्या पुरवठा साखळीचा अभ्यास आणि त्यावर आधारित सूचना" असं लिहा. ते खरंही आहे.

आणखी एक फरक आधीच डोक्यात पक्का असू द्या. फेअर ट्रेडचा मुख्य भर छोट्या उत्पादकांना मिळणारा भाव आणि व्यवहाराच्या अटी यांवर असतो. नैतिक व्यापार म्हणताना माल विकणाऱ्या कंपनीने आपल्या साखळीतल्या कामगारांच्या परिस्थितीची जबाबदारी घेणं अपेक्षित असतं. दोन्हींची सरमिसळ केली की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारले जातात. शिलाई कारखान्याच्या व्यवस्थापकाला कापसाचा हमीभाव विचारून काय मिळणार?

## टप्पा १: एकच वस्तू निवडा

"आम्ही कपडे, चॉकलेट आणि मोबाइल असं सगळं घेतोय" असं सांगणारा गट सहसा कुठेच पोचत नाही. वस्तू एकच घ्या आणि ती चार कसोट्यांवर पारखा.

१. ती शाळा स्वतः विकत घेते, किंवा ती कुठून घ्यायची हे शाळा ठरवते.
२. तिचं बिल किंवा खरेदीपत्र पाहायला मिळतं.
३. विक्रेत्याला फोन करता येतो, शक्य झाल्यास भेटताही येतं.
४. तिच्यात मुख्य कच्चे माल एक-दोनच आहेत.

गणवेशाचा शर्ट, खेळाचा चेंडू, वह्यांचा कागद, शिक्षकांच्या खोलीतला चहा या वस्तू चारही कसोट्यांवर उतरतात. मोबाइल किंवा संगणक उतरत नाही. त्यात इतके धातू आणि सुटे भाग असतात की व्यावसायिक संस्थांचीही माग काढताना दमछाक होते. मुलांना मात्र नेमका तोच घ्यावासा वाटतो. शिक्षकांनी इथे ठामपणे नाही म्हणावं.

पुढच्या टप्प्यांत शर्टाचं उदाहरण घेतलं आहे.

तपासा: बिल हातात आलं का? नसेल तर पुढे जाऊ नका. बिलाशिवाय सुरू केलेला प्रकल्प दुसऱ्या आठवड्यात निबंध होऊन बसतो.

## टप्पा २: साखळी मागून पुढे नव्हे, पुढून मागे काढा

सगळ्यांना सुरुवात शेतापासून करावीशी वाटते, कारण शेताचं चित्र काढायला सोपं. पण जगात कापसाची शेतं असंख्य आहेत. तुमच्या शर्टाचं शेत त्यांतलं कोणतं हे तिथून कधीच कळणार नाही. सुरुवात बिलावरच्या नावापासून करा आणि एकेक पायरी मागे जा.

सुती शर्टाच्या पायऱ्या साधारण अशा असतात: शाळा, विक्रेता, घाऊक पुरवठादार, शिलाई कारखाना, रंगाई आणि प्रक्रिया, विणकाम, सूतगिरणी, सरकी वेगळी करणारी जिनिंग, कापसाचा व्यापारी किंवा सहकारी संस्था, शेतकरी. बटणं, धागा आणि पॅकिंग या त्याच्या फांद्या. पहिल्या फेरीत त्या सोडून द्या.

मोठ्या कागदावर हे सगळं मांडा आणि प्रत्येक पायरीला तीनपैकी एक खूण करा: पक्कं (कागद किंवा संबंधित माणसाचा थेट शब्द आहे), ऐकीव (दुसऱ्याने सांगितलं आहे), अंदाज. ही खूण हा या प्रकल्पाचा कणा आहे. अंदाज लिहायला हरकत नाही, पण त्याच्यावर तशी खूण हवी.

विक्रेत्याला पाठवायचं पत्र पाच ओळींचं असू द्या. तुम्ही कोण, कोणत्या बिलातली कोणती वस्तू, तुम्हाला काय हवं आहे (शिलाई कारखान्याचं नाव आणि ठिकाण, कापड कुठून आलं, एखादं प्रमाणपत्र असल्यास त्याचा क्रमांक), उत्तर कधीपर्यंत हवं, आणि शाळेतल्या जबाबदार शिक्षकांचं नाव. आरोप नको, "तुमच्याकडे बालकामगार आहेत का?" नको. पत्र शिक्षकांच्या सहीनेच जावं.

आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर फोन करा. मोघम उत्तर आलं तर तेही नोंदवा. "विक्रेत्याला कारखान्याचं नाव माहीत नाही" ही तुमच्या अभ्यासातली महत्त्वाची माहिती आहे. ती अपयश समजून लपवू नका.

मोठ्या ब्रँडचा माल असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर पुरवठादारांची यादी शोधा. ओपन सप्लाय हब नावाच्या खुल्या नकाशावरही अनेक कारखान्यांची नावं आणि पत्ते मिळतात. अशा याद्यांना का महत्त्व आलं हे गटाला जरूर सांगा. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात राणा प्लाझा ही इमारत कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, आणि तिथे कोणकोणत्या ब्रँडचे कपडे शिवले जात होते हे शोधायला कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातली लेबलं आणि कागद गोळा करावे लागले.

सावधान: लेबलवरचा देश म्हणजे वस्तूचं संपूर्ण मूळ नव्हे. कपड्यांच्या बाबतीत तो बहुधा शिलाईचा देश असतो. सूत, कापड आणि कापूस तीन वेगळ्या देशांतले असू शकतात.

तपासा: तुमच्या कागदावर किमान दोन पायऱ्यांवर "पक्कं" अशी खूण आहे का? दोनच असल्या तरी पुरे. दहाच्या दहा पक्क्या झाल्या असतील तर मात्र कुणीतरी अंदाजावर चुकीची खूण केली आहे.

## टप्पा ३: काय विचारायचं ते ठरवा

"तिथे शोषण होतं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला कुणीही "नाही" म्हणेल. प्रश्नाचं उत्तर आकड्यात, तारखेत किंवा कागदात देता आलं पाहिजे.

चौकटीसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची मूलभूत तत्त्वं घ्या. १९९८च्या जाहीरनाम्यात ती चार होती: संघटनेचं आणि सामूहिक वाटाघाटीचं स्वातंत्र्य, वेठबिगारीचं निर्मूलन, बालमजुरीचं निर्मूलन आणि भेदभावाला मनाई. २०२२मध्ये सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हे पाचवं तत्त्व जोडलं गेलं. १९९८मध्येच स्थापन झालेल्या एथिकल ट्रेडिंग इनिशिएटिव्ह या कंपन्या, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था यांच्या आघाडीच्या नऊ कलमी संहितेत कामाचे तासही स्पष्ट आहेत: आठवड्याला नेहमीचे ४८ तासांपर्यंत, आणि ओव्हरटाइम धरून एरवी ६०च्या आत.

यावरून नेमके प्रश्न बनतात:

- गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला सर्वांत जास्त किती तास काम झालं, आणि कशामुळे?
- नोकरी लागताना कामगाराला कुणाला पैसे किंवा अनामत द्यावी लागते का?
- त्यांची ओळखपत्रं कुणाकडे राहतात?
- काही काम घरी करायला दिलं जातं का? त्याचा दर नगावर की तासावर?
- तक्रार कुणाकडे करायची? शेवटची तक्रार कशाबद्दल होती?
- आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे कामाच्या वेळी उघडे असतात का?

शेवटच्या दोन प्रश्नांना कुणी फार लवकर, घोटून ठेवल्यासारखं उत्तर दिलं तर वहीत तसं लिहून ठेवा. जिथे कधी एकही तक्रार आली नाही असं सांगतात, तिथे तक्रार करायची सोयच नसण्याची शक्यता जास्त.

बालमजुरीबद्दल गटात गोंधळ हमखास होतो, म्हणून थोडं थांबून समजून घ्या. मुलांनी केलेलं प्रत्येक काम बालमजुरी ठरत नाही. संघटनेच्या १९७३च्या १३८ क्रमांकाच्या करारानुसार कामाचं किमान वय सर्वसाधारणपणे १५ असतं, काही देशांना सुरुवातीला १४ ठेवण्याची मुभा आहे, शाळेला बाधा न आणणारं हलकं काम त्याआधीही चालतं, पण धोक्याच्या कामाला सर्वसाधारणपणे १८ ही मर्यादा. १९९९चा १८२ क्रमांकाचा करार बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांबद्दल आहे आणि २०२०मध्ये संघटनेच्या सर्व सदस्य देशांची त्याला मान्यता मिळाली. तुम्ही स्वतः सुट्टीत दुकानात हातभार लावत असाल तर हाच फरक स्वतःला लावून पाहा. वर्गातली चर्चा लगेच जमिनीवर येते.

## टप्पा ४: शिक्के वाचायला शिका

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही गट वस्तूवर प्रमाणपत्राचा शिक्का दिसला की तपास थांबवतात. काही गट "सगळे शिक्के विकत मिळतात" म्हणून त्यांच्याकडे पाहतच नाहीत. शिक्का हे एका मर्यादित विधानाचं चिन्ह आहे. ते विधान काय आहे तेवढं वाचायचं.

फेअरट्रेड या शिक्क्याच्या व्यवस्थेत बऱ्याच मालांना किमान भाव असतो आणि त्यावर एक प्रीमियम रक्कम मिळते. ती कशावर खर्च करायची हे शेतकरी किंवा कामगार मिळून ठरवतात. पण कापसाच्या शिक्क्यावरून शिलाई कारखान्याबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय कोको, साखर, चहा आणि फळांचा रस यांत 'मास बॅलन्स' पद्धतीला मुभा असते. म्हणजे फेअरट्रेडचा आणि साधा माल प्रक्रियेत एकत्र होऊ शकतो, आणि जेवढा फेअरट्रेडच्या अटींवर घेतला तेवढाच त्या नावाने विकता येतो. तुमच्या हातातल्या पाकिटात नेमका त्या शेतकऱ्याचा चहा असेलच असं नाही, पण तेवढी खरेदी त्याच्याकडून झालेली असते. ही फसवणूक नाही. मात्र सभेत कुणी विचारलं तर तुम्हाला ते सांगता आलं पाहिजे.

कापडावर जीओटीएसचा (सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का असेल तर 'ऑरगॅनिक' या दर्जाला किमान ९५ टक्के आणि 'मेड विथ ऑरगॅनिक' या दर्जाला किमान ७० टक्के सेंद्रिय तंतू लागतात. लेबलवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा. तो क्रमांक जीओटीएसच्या सार्वजनिक यादीत टाकून पाहा. कागदावरच्या एफएससी (जबाबदारीने राखलेल्या जंगलांबद्दलच्या) शिक्क्याचे '१०० टक्के', 'मिक्स' आणि 'रिसायकल्ड' असे तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींचा अर्थ वेगवेगळा आहे.

प्रमाणपत्राची मर्यादा सांगायला एकच घटना पुरते. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला सप्टेंबर २०१२मध्ये आग लागली आणि अडीचशेहून जास्त कामगार दगावले. कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं एसए८००० हे प्रमाणपत्र त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं.

तपासा: प्रत्येक शिक्क्यापुढे वहीत एक वाक्य लिहा: "हा शिक्का ... बद्दल सांगतो, ... बद्दल सांगत नाही." दुसरी जागा रिकामी राहिली तर शिक्का अजून वाचून झालेला नाही.

## टप्पा ५: साखळीवरच्या माणसांना भेटा

करिअरचा भाग इथे येतो, आणि माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. करिअर मेळाव्यात माणूस आपल्या व्यवसायाचं नाव सांगतो. साखळीवर भेटलेला माणूस एका ठरावीक वस्तूबाबत त्याने काल काय ठरवलं ते सांगतो. दुसऱ्या प्रकारच्या बोलण्यातून व्यवसाय कळतो.

एका शर्टामागची कामं मोजून पाहा: कृषितज्ज्ञ, सहकारी संस्थेचा व्यवस्थापक, कापसाची प्रत ठरवणारा, वस्त्रोद्योग अभियंता, रंगरसायनांचा जाणकार, पॅटर्न मास्टर, शिलाई कामगार, लाइन सुपरवायझर, गुणवत्ता निरीक्षक, मर्चंडायझर (ऑर्डर आणि कारखाना यांचा मेळ घालणारा), सोर्सिंग अधिकारी (माल कुठून घ्यायचा ते ठरवणारा), सोशल ऑडिटर (कामगारांची परिस्थिती तपासणारा), जहाज-वाहतुकीचं नियोजन करणारा, कस्टम एजंट, कामगार कायद्याचा वकील, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, हिशेबनीस. यांतली निम्मी नावं मुलांनी पहिल्यांदाच ऐकलेली असतात.

सगळ्यांना भेटायचं नाही. चार किंवा पाच जण निवडा, पण निवड अशी हवी: एक जो हाताने वस्तू बनवतो, एक जो तपासतो, एक जो खरेदीचा निर्णय घेतो, एक जो कामगारांच्या बाजूने बोलतो. फक्त मालक आणि अधिकारी भेटले तर तुमच्याकडे साखळीची वरची बाजूच येते. तुमच्याच साखळीतला माणूस मिळाला नाही तर त्याच प्रकारचं काम करणारा दुसरा चालेल. वहीत तसं स्पष्ट लिहा.

मुलाखत अशी घ्या:

१. वेळ मागताना वीस मिनिटं मागा आणि विसाव्या मिनिटाला उठायची तयारी ठेवा. समोरचा थांबवून घेईल ती गोष्ट वेगळी.
२. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा.
३. पहिला प्रश्न "तुमचा कालचा दिवस सांगा" हा ठेवा. "या क्षेत्रात संधी कशा आहेत?" या प्रश्नाला भाषण मिळतं.
४. शिक्षणाबद्दल विचारताना "कोणती पदवी लागते?" इथेच थांबू नका. "तुम्ही इथे कसे पोचलात, मधे काय सोडलंत?" असं विचारा. सरळ रेषेत आलेले लोक कमी भेटतात.
५. नैतिक पेचाबद्दल थेट विचारायचं असेल तर असं विचारा: "कमी भाव, कमी वेळ आणि चांगली परिस्थिती यांत ओढाताण झाली तेव्हा तुम्ही काय केलंत?" उत्तर द्यायचं नसेल तर मान ठेवा.
६. रेकॉर्डिंग आणि फोटो परवानगीशिवाय नाही. कामगारांचं नाव, चेहरा आणि कामाचं ठिकाण प्रकल्पात येऊ देऊ नका. त्यांनी हो म्हटलं तरीही. तुमच्या पोस्टरवरून त्यांची नोकरी जाऊ शकते.

मुलाखतीला दोघांनी जायचं, एकट्याने नाही. जागा आणि वेळ शिक्षकांना आणि घरी माहीत हवी. कारखान्यात गेलात तर शिक्षक सोबत हवेतच, आणि यंत्रांजवळ जाताना तिथले सुरक्षेचे नियम पाळायचे.

परतल्यावर त्याच दिवशी, उद्यावर न टाकता, प्रत्येकाने स्वतंत्रपणे चार ओळी लिहायच्या: या कामातला कोणता तास मला आवडेल, कोणता अजिबात आवडणार नाही, त्यासाठी आज माझ्याकडे काय नाही, आणि या माणसाच्या हातात साखळीतलं काय बदलायची ताकद आहे. चारपाच मुलाखतींच्या या ओळी शेजारी शेजारी ठेवल्या की बऱ्याच मुलांना आपला कल दिसू लागतो. कुणाला कळतं की आपल्याला तपासायला आवडतं पण वाटाघाटी नको वाटतात. हे अभिरुची चाचणीपेक्षा मोलाचं आहे.

सावधान: पहिल्याच भेटीत इंटर्नशिप मागू नका. आभाराचं पत्र दोन दिवसांत पाठवा, आणि प्रकल्प संपल्यावर त्याचा निष्कर्ष कळवा. पुढचं दार त्यातून उघडलं तर उघडेल.

## टप्पा ६: मागणी लिहा

इतकं काम झाल्यावर गटाचा पहिला आवेश "या मालावर बहिष्कार!" असा असतो. थांबा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बालमजुरीतून बनलेल्या मालाची आयात रोखणारं विधेयक अमेरिकेच्या संसदेत मांडलं गेलं. त्याचा कायदा झाला नाही, पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी मुलांना कामावरून काढलं. युनिसेफच्या १९९७च्या अहवालानुसार अशी मुलं अंदाजे पन्नास हजार होती, आणि पाठपुरावा केला तेव्हा त्यांतली काही दगड फोडण्यासारख्या अधिक धोक्याच्या कामांत सापडली. मुलांना शाळेत आणण्याचा करार त्यानंतर, १९९५मध्ये झाला. क्रम उलटा झाला की असं होतं. त्यामुळे मागणी लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे मान्य झालं तर साखळीतल्या सर्वांत कमकुवत माणसाचं उद्या काय होईल?

दुसरी चूक म्हणजे सगळी जबाबदारी पुरवठादारावर टाकणं. शाळा स्वतः खरेदीदार आहे, तिच्या सवयीही तपासा. ऑर्डर कधी दिली? मापं किती वेळा बदलली? पैसे किती दिवसांनी दिले? सत्र सुरू व्हायच्या तीन आठवडे आधी ऑर्डर देऊन वेळेत माल मागणारी शाळा कुठल्या तरी कारखान्यात ओव्हरटाइम लावत असते. या बाजूने पाहिलं की अशा मागण्या सुचतात ज्यांना शाळेला एक पैसाही लागत नाही:

- ऑर्डर सत्राच्या किमान तीन महिने आधी निश्चित करणं.
- ऑर्डर गेल्यावर रंग किंवा मापं न बदलणं.
- पैसे ठरलेल्या तारखेला देणं.
- पुढच्या खरेदीपत्रात एक अट घालणं: पुरवठादाराने शिलाई कारखान्याचं नाव आणि ठिकाण लेखी द्यावं.

यांतली एक किंवा दोनच निवडा. पाच मागण्या घेऊन गेलात तर सर्वांत सोपी मान्य होते आणि बाकीच्यांवर "विचार करू".

जास्त किमतीचा माल सुचवायचा असेल तर किंमत एका नगाची नको, वापराची मांडा: शर्ट किती महिने टिकतो, वर्षाला किती लागतात. आणि तरीही महाग पडत असेल तर तो भार कुणावर येईल ते मोकळेपणाने लिहा. ज्या घरांना आताचाच गणवेश परवडत नाही त्यांना विसरून केलेली नैतिक खरेदी फार लांब जात नाही.

## टप्पा ७: सभा, आणि गट कोण चालवणार

निर्णय नेमका कोण घेतं ते आधी शोधा. मुख्याध्यापक, संस्थेची खरेदी समिती, पालक-शिक्षक संघ, की वर्षानुवर्षं ऑर्डर देणारे कार्यालयातले कर्मचारी? कागदावर एक नाव असतं आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच्या सांगण्यावर होतं. ऑर्डर देणाऱ्या कर्मचाऱ्यांना सभेआधी भेटा. त्यांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐका. त्यांना सभेत पहिल्यांदा कळलं की आपल्या कामावर बोलणं चाललं आहे, तर तुमची मागणी तिथेच पडते.

सभेसाठी एक पान. वर साखळीचा नकाशा (खुणांसह), मधे दोन-तीन गोष्टी ज्या तुम्हाला खात्रीने माहीत आहेत, खाली मागणी आणि तिची अंमलबजावणी कोणत्या तारखेपासून. बोलणं दहा मिनिटांत संपवा, चर्चेला वेळ ठेवा. "याआधी कधी कुणाची तक्रार नव्हती", "आपली शाळा एवढी छोटी, आपल्याने काय होणार", "पुरवठादार नाराज होईल" हे तीन आक्षेप येणारच. तिघांनी त्यांची उत्तरं आधी एकमेकांवर करून पाहा. उत्तर माहीत नसेल तर "हे तपासून शुक्रवारपर्यंत कळवतो" असं म्हणा आणि शुक्रवारपर्यंत कळवा.

आता नेतृत्व. सर्वांत छान बोलणाऱ्याला गटप्रमुख करणं ही शाळांची जुनी सवय आहे. तसं करू नका. बैठकीचं अध्यक्षपद दर आठवड्याला बदला. अध्यक्षाने तीनच गोष्टी पाहायच्या: प्रत्येकाला बोलायला मिळालं का, ठरलं ते कुणी आणि कधीपर्यंत करायचं हे लिहिलं गेलं का, आणि मागच्या वेळी ठरलेलं झालं का. चार-पाच आठवड्यांत आपोआप दिसतं की कुणाच्या अध्यक्षतेखाली कामं होतात. सहसा ती वर्गातली शांत मुलगी निघते, जिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

सभेत मागणी फेटाळली गेली तर कारण लेखी मागा. "परवडत नाही" आणि "पुरवठादाराशी करार अजून दोन वर्षं आहे" यांतून पुढचे रस्ते वेगवेगळे निघतात.

स्टॉल लावायचा असेल तर तो इथे, सातव्या टप्प्यानंतर. माल उधार किंवा परतीच्या बोलीवर घ्या, आगाऊ पैसे गुंतवू नका. दोघांनी रोकड मोजायची, हिशेब त्याच दिवशी भिंतीवर लावायचा. नफा कुठे जाणार हे विक्री सुरू होण्याआधी फलकावर लिहिलेलं हवं.

## टप्पा ८: पुढच्या तुकडीकडे सोपवा

शाळेतला बदल बहुधा तो घडवणारी मुलं बाहेर पडली की विरतो. त्यामुळे सत्र संपायच्या दोन आठवडे आधी एका वर्गाने लहान असलेल्या तीन-चार जणांना बैठकांना बसवा. त्यांच्याकडे एक फाइल द्या: बिलाची प्रत, नकाशा, सगळा पत्रव्यवहार, सभेचं इतिवृत्त, आणि पुढची ऑर्डर कोणत्या महिन्यात निघते ती तारीख. मुलाखतींची कच्ची टिपणं फाइलमध्ये घालू नका. त्यांत माणसांची नावं असतात. ती नष्ट करा.

फाइलच्या पहिल्या पानावर फक्त उघडे प्रश्न लिहा: कुठल्या पायरीवर अजून "अंदाज" आहे, कोणत्या पत्राचं उत्तर बाकी आहे, कुणी काय कबूल केलं होतं. नव्या गटाने शर्ट सोडून नवीन वस्तू घ्यायची का, असा विचार डोकावेलच. आधी जुन्या अटीनुसार कारखान्याचं नाव आलं का ते त्यांनी पाहावं. आलं नसेल तर पहिलं पत्र त्याचंच.